टपालाने फिरणारी हस्तलिखिते

मराठी शाळांतून हस्तलिखित काढण्याची प्रथा जुनी आहे. वर्षातून एकदा मुलांकडून लेख मागवावयाचे, ज्याचे अक्षर वळणदार त्याच्याकडून ते सुवाच्य लिहून घ्यावयाचे, चित्रकलेच्या शिक्षकांनी मुखपृष्ठ रंगवावयाचे, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन करावयाचे, हा क्रम बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. त्यानंतर ते हस्तलिखित काचेच्या कपाटात जाते आणि बहुधा पुढील वर्षीचे हस्तलिखित तेथे ठेवावयाच्या वेळीच बाहेर निघते. त्यात श्रम असतात, हौस असते, कधी कधी चांगले लेखनही असते. एकच गोष्ट नसते, ती म्हणजे वाचक. आणि वाचकावाचून नियतकालिक म्हणजे केवळ नटविलेली वही होय.

प्रस्तुत लेखात आम्हांस या हस्तलिखिताला वाचक मिळवून देणाऱ्या एका साध्या पद्धतीचा परिचय करून द्यावयाचा आहे. ती पद्धत अशी, की हाताने तयार केलेली छोटी नियतकालिके टपालाने एकमेकांकडे पाठवावयाची, वाचावयाची आणि त्यांना लेखी उत्तर द्यावयाचे. ही कल्पना नवी नाही. इंग्लंड-अमेरिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि तिचे नियमही अनुभवाने पक्के झालेले आहेत. महाराष्ट्राबाहेर विखुरलेल्या आपल्या मराठी मंडळींना तिचा विशेष उपयोग होईल, असे आम्हांस वाटते. तो कसा, ते शेवटी सांगू. आधी पद्धत समजून घेऊ.

या विनिमयाचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्यात अंकाची एकच प्रत असते व ती एका सभासदाकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने फिरते. दुसऱ्यात प्रत्येक सभासद आपल्या छोट्या अंकाच्या सभासदसंख्येइतक्या प्रती काढतो, त्या एका संपादकाकडे पाठवितो, आणि संपादक सर्वांच्या अंकांचे गठ्ठे बांधून प्रत्येकाला एकेक गठ्ठा धाडतो. पहिल्याला आपण ‘साखळी’ म्हणू व दुसऱ्याला ‘गठ्ठा’.

साखळीचे अत्यंत बोलके उदाहरण इंग्लंडातील एका स्त्रीमंडळाचे आहे. १९३५ साली ‘नर्सरी वर्ल्ड’ या मासिकात शेजार व वाचनालय यांना दुरावलेल्या एका तरुण मातेचे, टोपण नावाने लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. आपला एकटेपणा कसा घालवावा, असा तिचा प्रश्न होता. तिला अनेक स्त्रियांची उत्तरे आली, आणि त्यांतून ‘को-ऑपरेटिव्ह कॉरस्पॉन्डन्स क्लब’ हे मंडळ उभे राहिले. सभासद स्त्री माता असली पाहिजे, एवढी मुख्य अट. प्रत्येकीने टोपण नाव घ्यावयाचे. प्रत्येकीने लेख लिहून संपादिकेकडे धाडावयाचा. ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ हे टोपण नाव घेतलेली संपादिका ते सर्व लेख एकत्र करून, भरतकाम केलेल्या कापडी वेष्टनात घालून अंक सिद्ध करी व टपालाने पहिल्या सभासदेकडे पाठवी. ती वाचून समासात आपले अभिप्राय लिही आणि अंक पुढे धाडी. अंक शेवटच्या सभासदेकडे पोचे, तोवर मूळ लेखांभोवती अभिप्रायांची आणि त्या अभिप्रायांवरील उत्तरांची दाटी झालेली असे.

या स्त्रियांपैकी कित्येक चांगल्या शिकलेल्या होत्या. त्या काळी इंग्लंडात अनेक व्यवसायांत, विशेषतः शिक्षकी पेशात, विवाह झाला की स्त्रीला नोकरी सोडावी लागे. इंग्लंड-वेल्समधील शिक्षिकांच्या बाबतीतले हे बंधन १९४४ च्या शिक्षण कायद्याने उठले. शिक्षण झालेले, मन तल्लख, आणि बोलावयास घरात लहान मुलांखेरीज कोणी नाही, अशा अवस्थेत हा टपालाने येणारा अंक त्यांच्या बुद्धीचा आधार झाला. बाळंतपण, युद्धातील हवाई हल्ले, संसारातील ताण, मुलांचे मोठे होणे, वार्धक्य असे सर्व विषय त्यात आले. हा उपक्रम १९९० पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे चालला. त्यातील अंक आज ससेक्स विद्यापीठाकडील ‘मास ऑब्झर्वेशन’ संग्रहात आहेत, आणि २००७ मध्ये जेना बेली यांनी त्यांवर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. छापखान्याचे तोंडही न पाहिलेले एक हस्तलिखित अर्धशतकाहून अधिक काळ टिकते, ते कशाच्या बळावर? ‘आपले लिहिणे कोणीतरी वाचणार आहे आणि त्याला उत्तर येणार आहे’ या खात्रीच्या बळावर, दुसरे काय!

गठ्ठ्याची पद्धत अमेरिकेत वाढली. १८६० नंतरच्या दशकांत तेथे लहान, स्वस्त हातछपाईची यंत्रे बाजारात आली आणि शाळकरी वयाची मुले घरच्या घरी चार-आठ पानांची पत्रे छापू लागली. ती पत्रे मुले टपालाने एकमेकांस पाठवीत. त्यांतूनच १८७६ साली फिलाडेल्फिया येथे ‘नॅशनल अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ ही हौशी नियतकालिककारांची संस्था स्थापन झाली. पुढे १८९५ मध्ये अशीच ‘युनायटेड’ नावाची दुसरी संस्था निघाली. भयकथाकार म्हणून पुढे गाजलेला एच. पी. लव्हक्राफ्ट हा १९१४ साली या दुसऱ्या संस्थेचा सभासद झाला आणि १९१५ पासून त्याने ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे आपले छोटे पत्र काढले. घरात कोंडून घेतलेल्या त्या तरुणाला लेखक म्हणून उभे करण्यात या टपाली वर्तुळाचा वाटा मोठा होता.

१९३० नंतर विज्ञानकथांच्या वाचकांनी हीच रीत उचलली. १९३७ साली डोनाल्ड वॉलहाइम व जॉन मिशेल यांनी ‘फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ स्थापिली. तिचे नियम पाहण्यासारखे आहेत. सभासदसंख्या मर्यादित, ती पुढे पासष्टवर स्थिरावली. गठ्ठा वर्षातून चार वेळा निघावयाचा. आणि सभासदत्व टिकवावयाचे तर वर्षाकाठी निदान आठ पाने मजकूर दिलाच पाहिजे. वर्गणी भरून स्वस्थ बसणाऱ्या केवळ वाचकाला तेथे जागा नव्हती. याच वर्तुळात अशी प्रथा रूढ झाली, की नव्या अंकात प्रत्येकाने मागील गठ्ठ्यातील इतरांच्या लेखनावर क्रमाने अभिप्राय द्यावा. अशा पत्रांना उद्देशून ‘फॅनझिन’ हा शब्द १९४० साली रस शोव्हने याने प्रथम वापरला. आज छोट्या हस्तनिर्मित अंकांना जगभर ‘झिन’ म्हणतात, तो त्याचाच शेपटाकडील तुकडा.

प्रती काढण्याच्या साधनांचा विचार येथे थोडक्यात करू. सर्वांत घरगुती साधन हेक्टोग्राफ. जिलेटिन, ग्लिसरीन व पाणी यांचे मिश्रण तापवून उथळ तबकात ओतावयाचे. ते थिजले की अ‍ॅनिलीन शाईने लिहिलेला कागद त्यावर पालथा दाबावयाचा. शाई त्या लगद्यावर उतरते, आणि मग कोरे कागद एकामागून एक दाबून पन्नासच्या आसपास प्रती निघतात. त्यापुढील पायरी स्टेन्सिल व सायक्लोस्टाइल यांची. मेणकागदावर स्टेन्सिल कापून परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढलेले शिक्षक आपणांत अजून पुष्कळ आहेत. मराठी साहित्याच्या इतिहासातही या यंत्राला मानाचे स्थान आहे. १९५० नंतरच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवरच काढले आणि मराठीतील लघुनियतकालिकांच्या चळवळीचा आरंभ तेथून मानला जातो. केरळात तर अंतर्देशीय पत्राच्या निळ्या कागदावरच अंक छापून धाडण्यापर्यंत ही हौस गेली. आज गल्लोगल्ली झेरॉक्सची दुकाने असल्यामुळे प्रती काढणे ही अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती लिहिण्याची आणि वाचण्याची.

आता अंक कसा करावा ते सांगू. एका कागदाचा आठ पानी अंक मुलांना अर्ध्या तासात करता येतो, व त्यास शिवण किंवा टाचणी लागत नाही. ए-४ आकाराचा कागद आडवा धरावा. तीन वेळा निम्मा निम्मा दुमडून उलगडला, की वरच्या ओळीत चार व खालच्या ओळीत चार असे आठ चौकटींचे भाग पडतात. मग कागद उभ्या मधल्या घडीवर दुमडून, घडीच्या बाजूने आडव्या मधल्या रेषेवर कात्रीने एकाच चौकटीच्या रुंदीइतका काप द्यावा. कागद उलगडला की मधल्या दोन चौकटींच्या लांबीची चीर दिसेल. आता कागद आडव्या घडीवर दुमडून दोन्ही टोके आत ढकलावी. चीर फुगते, चौफुलीसारखा आकार होतो, तो एका बाजूस मिटला की आठ पानांची पुस्तिका तयार. तिचे पान साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद व साडेदहा सेंटिमीटर उंच भरते.

पानांचा क्रम लक्षात ठेवावा लागतो. खालच्या ओळीत डावीकडून सहा, सात, आठ आणि एक ही पाने सुलटी येतात. वरच्या ओळीत डावीकडून पाच, चार, तीन आणि दोन ही पाने उलटी, म्हणजे डोके खाली करून लिहावी लागतात. आधी कोऱ्या कागदाची पुस्तिका करून तिच्यावर पानांचे आकडे घालावे व ती उलगडून समोर ठेवावी, म्हणजे चूक होत नाही. सर्व मजकूर कागदाच्या एकाच बाजूस असल्यामुळे झेरॉक्स प्रत काढणे सोपे जाते. कडेला निदान अर्धा सेंटिमीटर जागा सोडावी, नाहीतर यंत्रात अक्षरे कापली जातात. सत्तर ग्रॅमी कागदाची अशी एक पुस्तिका साडेचार ग्रॅमच्या आतच भरते. एका साध्या पाकिटात अशा तीन-चार सहज जातात.

साखळीतील मोठ्या अंकासाठी मात्र वेगळी बांधणी हवी. येथे पाने कायमची शिवू नयेत. पुठ्ठ्याच्या दोन फळ्यांत दाभणाने भोके पाडून त्यांतून नाडी ओवावी, म्हणजे पाने काढता-घालता येतात. प्रत्येक लेखाच्या पानाला चार बोटांचा समास ठेवावा आणि लेखापाठोपाठ एक कोरा कागद जोडावा. हा समास व हा कोरा कागद या पद्धतीचा प्राण आहे. त्यावर पुढील वाचक लिहिणार असतो.

फिरवण्याचे गणित आधीच मांडले नाही, तर उपक्रम दुसऱ्या फेरीपूर्वीच बंद पडतो. समजा, साखळीत बारा शाळा आहेत. प्रत्येकीने अंक तीन दिवस ठेवला आणि टपालात चार दिवस गेले, तर एका शाळेमागे एक आठवडा, म्हणजे पूर्ण फेरीस बारा आठवडे लागतात. वर्षात फार तर चार फेऱ्या होतील. सुट्ट्या व परीक्षा वजा जाता तीनच. म्हणून साखळी सहा-सात शाळांची असावी. अधिक शाळा असतील, तर दोन साखळ्या कराव्यात. आणखी एक युक्ती आहे. अंक फिरून आपल्याकडे आला, की आपला जुना लेख त्यावरील अभिप्रायांसह काढून घ्यावयाचा व त्या जागी नवा घालून अंक पुढे धाडावयाचा. त्यामुळे अंक फुगत नाही, वजन वाढत नाही, आणि प्रत्येकाचा लेख उत्तरांसह लेखकाकडेच परत येतो. साखळीचा दोष एकच, पण मोठा आहे. प्रत एकच असल्यामुळे ती हरवली तर सर्वच गेले. म्हणून धाडण्यापूर्वी प्रत्येक शाळेने आपल्या पानांची झेरॉक्स ठेवावी, आणि अंक नोंद होणाऱ्या टपालानेच पाठवावा. टपालाचे प्रकार व सवलती अलीकडे बऱ्याच बदलल्या आहेत. पुस्तकांसाठी असलेली नोंदणीकृत बुक पोस्टची सवलत डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये; पाकीट तोलून पोस्टमास्तरांस विचारावे.

गठ्ठ्याचे गणित सोपे आहे. दहा शाळा, प्रत्येकीच्या एका अंकाच्या दहा प्रती, म्हणजे संपादक-शाळेकडे शंभर पुस्तिका येणार. त्यांचे दहा दहा पुस्तिकांचे दहा गठ्ठे होणार. एकाच्या दिरंगाईने दुसरा अडत नाही. जो तारखेस आला नाही तो त्या गठ्ठ्यात नाही, इतकेच. संपादकाचे काम दरवर्षी दुसऱ्या शाळेकडे जावे. लहान मुलांसाठी हीच पद्धत आम्हांस अधिक बरी वाटते, कारण प्रत्येक वेळी हातात ठेवावयास काहीतरी मिळते. मोठी मुले, शिक्षक व साहित्यसंस्थांचे सभासद यांना साखळी अधिक रुचेल, कारण तिच्यात वाद रंगतो.

आता आपल्या प्रयोजनाकडे वळू. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या ठिकाणची मराठी वस्ती जुनी आहे, पण एकमेकींस ती फारशी ओळखत नाही. प्रत्येकीची दृष्टी पुण्या-मुंबईकडे. इंदूरच्या मुलास पुण्याचे मासिक वाचावयास मिळेल, पण बेळगावच्या मुलाने काय लिहिले ते कधीच कळणार नाही. शिवाय आपल्यांतील कित्येक शाळांत मराठी घेणारी मुले वर्गात आठ-दहाच उरतात. त्या आठ-दहांनी लिहावे कोणासाठी? शिक्षकासाठी. आणि शिक्षकासाठी लिहिलेल्या निबंधाचा शेवट तांबड्या शाईच्या आकड्यात होतो, संभाषणात होत नाही. घरात मराठी बोलणारे, रस्त्यावर दुसरी भाषा बोलणारे आणि वर्गात तिसरीत शिकणारे मूल मराठी बोलणे सोडत नाही, परंतु मराठी लिहिणे सोडते. लिहिणे सुटले की पुढच्या पिढीत वाचणे सुटते. ही गळती व्याख्यानांनी थांबत नाही. मुलाला मराठीत पत्र आले आणि त्याला उत्तर देणे भाग पडले, तर ती थोडीफार थांबू शकते.

ज्याला आपण भाषेचा दोष समजतो, तो या विनिमयात गुण ठरतो. गोव्याच्या मुलीने सकाळी सायकलवर येणाऱ्या ‘पोदेरा’बद्दल लिहिले, तर ग्वाल्हेरचा मुलगा समासात विचारणार, की पोदेर म्हणजे कोण? पाव भाजणारा, विकणारा, हे तिला स्पष्ट करून सांगावे लागेल, आणि तो शब्द पोर्तुगीजातून आला, हेही तिला या निमित्ताने शोधावे लागेल. बेळगावचे मूल ‘येऊलालो’ असे बोलते तसे लिहील. इंदूरचे ‘जाऊन राहिलो’ म्हणेल. दोघांना एकमेकांचे हसू येईल आणि मग दोघेही विचारतील, की पुस्तकात काय लिहितात. प्रमाणभाषा शिकवण्याचा याहून सहज प्रसंग आम्हांस दुसरा दिसत नाही. कुंदा कसा आटवतात, लिलो चिवडो कशाचा करतात, भुट्ट्याच्या किसाला कोणते मक्याचे कणीस लागते, हे विषय मोठे नव्हेत. पण ज्याला ते ठाऊक नाही त्याला समजेल असे लिहिणे, हे गद्यलेखनाचे पहिले आणि खरे शिक्षण होय. निबंधाच्या वहीत मूल ‘माझे गाव’ लिहिते, तेव्हा वाचणारा शिक्षक त्याच गावचा असतो. त्याला काहीच समजावून सांगावे लागत नाही, म्हणून मूल काहीच सांगत नाही.

शिक्षकांसाठी काही पथ्ये सांगणे अवश्य आहे. प्रत्येक मुलाने आपला मजकूर आपल्याच हाताने लिहावा. वळणदार अक्षराच्या एकट्या मुलाकडून सर्वांचे लेखन उतरवून घेण्याची जुनी चाल येथे मोडावी. शिक्षकाने शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने खूण करून दाखवाव्या, पण वाक्ये आपली घालू नयेत. वाक्य मुलाचे नसेल, तर उत्तरही मुलाला आले असे होत नाही. बक्षिसे ठेवू नयेत, कारण स्पर्धेत मूल परीक्षकाकडे पाहते, वाचकाकडे पाहत नाही. अभिप्राय केवळ ‘छान’, ‘सुंदर’ असा नसावा. प्रत्येकाने निदान एक प्रश्न विचारावा, असा नियम करावा. मुलांचे घरचे पत्ते अंकात देऊ नयेत. सर्व टपाल शाळेच्या पत्त्यावर यावे. आणि पाकीट आले की ते मुलांच्या समोरच फोडावे.

कोणी म्हणेल, आज भ्रमणध्वनीवर निरोप क्षणात पोचत असता हा टपालाचा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर एवढेच, की क्षणात पोचणारे क्षणातच वाहून जाते, आणि तेथे मूल बहुधा रोमन लिपीत मराठी लिहिते. कागदावर त्याला देवनागरी लिहावी लागते, शब्द तोलावे लागतात, जागेचा अंदाज घ्यावा लागतो, आणि उत्तराची वाट पाहावी लागते. वाट पाहणे हाही शिक्षणाचा भाग आहे. १८३० साली हॉवर्थच्या घरात चौदा वर्षांच्या शार्लट ब्राँटीने आगपेटीहून लहान आकाराचे ‘यंग मेन्स मॅगझीन’ हाताने लिहून काढले. तिच्या भावंडांच्या खेळण्यातले लाकडी शिपाई हेच त्याचे कल्पित वाचक. त्या सहा अंकांपैकी एक २०१९ साली तेथील संग्रहालयाने लिलावात सहा लाख युरो देऊन परत मिळविला. तिला घराबाहेरचा वाचक नव्हता. तरी तिने वाचक कल्पिला आणि लिहिले. आपल्या मुलांना लाकडी शिपायांवर भागवण्याची गरज नाही. त्यांचे वाचक खरे आहेत, मराठी आहेत. केवळ दुसऱ्या गावी आहेत.

आरंभ मोठा करू नये. दोन गावांतील दोन शाळा, प्रत्येकी एक आठ पानी अंक, आणि जूनमध्ये ठरवलेल्या तीन तारखा, इतके पहिल्या वर्षी पुरेसे आहे. एका शाळेचे उत्तर उशिरा आले तरी दुसरीने आपला अंक ठरल्या दिवशी टपालात टाकावा. दुसऱ्या वर्षी तिसरी शाळा आपण होऊन विचारील, अशी आमची खात्री आहे.